सुट्टीतल्या भेटवस्तू आणि प्रवास: पर्यावरणाचे भान ठेवायचे तर सुरुवात कुठून करावी?

अंगणवेल

सर्वांना नमस्कार. मोठ्या सुट्टीला आता पाच आठवडे राहिले आहेत आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या घरात कोणाला काय द्यायचे आणि कोणी कसे यायचे याची बोलणी सुरू झाली आहेत. आम्ही तिघे भावंडे तीन शहरांत विखुरलेलो आहोत. यंदा सगळ्यांनी दादाकडे जमायचे ठरले आहे. त्याचे घर आमच्यापासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. आमच्या घरातून आम्ही चौघे निघू आणि तिथे लहानथोर मिळून चौदा जण होऊ.

गेल्या वर्षी हा मेळावा आमच्याकडे होता. मंडळी परतल्यावर मी घर आवरायला घेतले, तेव्हा नुसत्या वेष्टणांनी दोन मोठी पोती भरली. त्यातला बराचसा कागद चंदेरी-सोनेरी होता, काहींवर चमकी लावलेली होती आणि ती चमकी फरशीच्या सांध्यांतून पुढे आठवडाभर निघत राहिली. रद्दी नेणाऱ्या गृहस्थांनी त्यातला एक कागद कोपऱ्यावर फाडून मला दाखवला. वरचा कागद फाटला, पण त्याला चिकटलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा नुसताच ताणला गेला. "हा माल पुढे कोणी घेत नाही," एवढेच ते म्हणाले आणि पोती तिथेच ठेवून गेले.

त्याहून अधिक बोचली ती दुसरी गोष्ट. भाच्यासाठी मीच हौसेने आणलेली, बॅटरीवर चालणारी मोटार तिसऱ्या दिवशी बंद पडली. दुरुस्त करू म्हणून उलटी केली, तर उघडायला एकही स्क्रू नव्हता. दोन्ही भाग कारखान्यातच कायमचे चिकटवलेले होते. ती मोटार अजून माळ्यावर आहे.

म्हणून यंदा वेळेआधी विचारते आहे. भेटवस्तू, वेष्टणे आणि प्रवास या तिन्हींत खरा भार कशाचा असतो? आजवर मी सगळे लक्ष कागदावर दिले आणि विमानाची तिकिटे मात्र फारसा विचार न करता काढली, त्यामुळे आपले काही उलटे तर होत नाही ना, अशी शंका येते. शिवाय सगळ्यांना सेंद्रिय कापसाच्या पिशव्या द्याव्यात असे मनात आहे, ते योग्य ठरेल का? आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न असा की आमच्या आत्या दरवर्षी प्रत्येकासाठी काहीतरी निवडून, स्वतःच्या हाताने बांधून आणतात. त्यांचे मन न दुखावता हा विषय काढायचा कसा?

लोहमार्ग

अंगणवेल, तुमची शंका रास्त आहे. वेष्टणाचा कचरा डोळ्यांसमोर साचतो म्हणून तो मनाला लागतो. प्रवासाचा धूर मागे राहून जातो, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो येथे मांडून पाहू.

ब्रिटिश सरकार दरवर्षी वाहतुकीच्या निरनिराळ्या साधनांचे उत्सर्जन-गुणक, म्हणजे दर किलोमीटरला किती हरितगृह वायू बाहेर पडतात याचे आकडे, प्रसिद्ध करते. देश बदलला, गाडीतली गर्दी बदलली, वीज कशापासून तयार होते ते बदलले की हे आकडे बदलतात, परंतु तुलनेसाठी ते उपयोगी पडतात. त्यांनुसार देशांतर्गत विमानप्रवासात माणशी दर किलोमीटरला २५० ग्रॅमच्या घरात उत्सर्जन होते, तर रेल्वेने ३५ ते ४० ग्रॅम. तुमच्या अंतराला हे लावले, तर जाऊन-येऊन विमानाने माणशी साधारण ३५० किलो आणि रेल्वेने ५० ते ५५ किलो. चौघांचे मिळून विमानाने सुमारे १,४०० किलो होते आणि रेल्वेने जास्तीत जास्त सव्वादोनशे. आता तुमची ती दोन पोती घ्या. एक किलो कागद तयार होताना साधारण किलो-दीड किलो उत्सर्जन होते असे धरले, तरी दोन्ही पोत्यांचा भार चौघांच्या एका विमानफेरीपुढे फार थोडा आहे. कागदाकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही, पण एकच निर्णय बदलायचा असेल तर तो तिकिटाचा बदला.

मोटारीचे गणित वेगळे आहे आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तुमच्या जाण्यायेण्यासाठी ९३ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे सुमारे २१५ किलो. गाडीत एकटाच माणूस असेल तर तो सगळा भार त्याच्या एकट्याच्या नावावर येतो; चौघे असाल तर माणशी ५४ किलो, म्हणजे जवळजवळ रेल्वेइतकाच. त्यामुळे मोटारीने जाणे चांगले की वाईट या प्रश्नाला गाडीत किती माणसे आहेत हे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. तुमच्या तिसऱ्या भावंडाचे घर वाटेत असेल, तर दोन अर्ध्या रिकाम्या गाड्यांऐवजी एक भरलेली गाडी नेता येते का ते जरूर पाहा.

विमानाचा आकडा इतका मोठा का येतो, हेही सांगतो. जमिनीवरून उठून उंची गाठताना विमानाला सर्वाधिक इंधन लागते, त्यामुळे अंतर जितके कमी तितका दर किलोमीटरचा खर्च जास्त पडतो. दुसरे कारण उंचावरच्या थंड, दमट हवेतले आहे. तिथे विमानामागे वाफेचे पांढरे पट्टे उमटतात, ते कधी पसरून पातळ ढगांसारखे होतात आणि पृथ्वीवरून वर जाणारी उष्णता अडवून धरतात. रात्री सूर्यप्रकाश परतवण्याचे काम त्यांना उरत नाही, म्हणून रात्रीच्या पट्ट्यांचा परिणाम केवळ तापमान वाढवणारा असतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो लहान दिसतो, परंतु २०१८ मध्ये जगातल्या साधारण ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, असा अंदाज संशोधकांनी मांडलेला आहे. तेव्हा हा भार मोजक्या माणसांचा आहे आणि आपण त्या मोजक्यांत आहोत. फ्रान्सने तर २०२३ पासून, रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते अशा काही मार्गांवरची देशांतर्गत विमानसेवा कायद्यानेच बंद केली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियाँला जाणाऱ्या फेऱ्या त्यात गेल्या.

गाडीनेच जायचे ठरले तर टपावर सामानाची पेटी लावू नका. महामार्गावरच्या वेगाला मोठ्या पेटीमुळे वाऱ्याचा अडथळा इतका वाढतो की अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार गाडीचे मायलेज ६ ते १७ टक्क्यांनी घटू शकते. तेच सामान डिकीत बसवले, किंवा अगदी मागच्या बाजूला अडकवले, तरी घट बरीच कमी होते. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा आणि वेग ताशी ८०-९० किलोमीटरच्या आसपास स्थिर ठेवा.

जुनी शिलाई

प्रवासाविषयी वर सविस्तर आले आहे, त्यामुळे मी भेटवस्तूंपुरतेच लिहिते.

प्रथम पिशव्यांविषयी, कारण तिथे तुमचा विचार बदलावा असे मला मनापासून वाटते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये निरनिराळ्या पिशव्यांची तुलना प्रसिद्ध केली. दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिक पिशवीशी हवामानबदलाच्या बाबतीत बरोबरी साधायची, तर नेहमीच्या कापसाची पिशवी किमान ५२ वेळा आणि सेंद्रिय कापसाची १४९ वेळा वापरावी लागते, असा त्यांचा हिशेब होता. पाणी, खते, ओझोन असे सगळे निकष धरले तर हा आकडा अनुक्रमे ७,१०० आणि २०,००० वेळांवर जातो. सेंद्रिय शेतीत उत्पादन कमी येते असे त्यात गृहीत धरल्यामुळे तिचा आकडा वर गेला आहे. प्लास्टिक कुठे उडून जाते आणि कोणत्या प्राण्याच्या पोटात जाते याचा विचार त्या हिशेबात नाही, म्हणून मी तो शेवटचा शब्द मानत नाही. तरीही चौदा नव्या पिशव्या, ज्यांच्या घरी आधीच आठ-दहा पिशव्या पडून आहेत अशा माणसांना देणे, हे पर्यावरणाच्या नावाने नवा कापूस खर्ची घालणे होईल. घरातल्या जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या तर तो प्रश्न येत नाही.

भेटवस्तू कशाची केली आहे यापेक्षा ती वापरली जाणार का, हे मी आधी पाहते. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारले होते की मिळालेली भेट त्यांच्या लेखी किती किमतीची आहे. देणाऱ्याने जितका खर्च केला, त्यापेक्षा घेणाऱ्याने लावलेले मोल एक दशांश ते एक तृतीयांश इतके कमी भरले. ज्यांची रोजची गाठभेट असते त्या मित्रमैत्रिणींच्या भेटींत ही तूट कमी होती, आणि दूरच्या, क्वचित भेटणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या भेटींत जास्त. त्यांनी हे पैशांच्या अंगाने मांडले, पण मला त्यात कपाटांत पडून राहिलेल्या वस्तू दिसतात, आणि त्यांच्यासाठी उपसलेले पाणी आणि जाळलेले इंधनही. त्यामुळे "तुला काय हवे आहे?" असे सरळ विचारण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे आता एक सामाईक यादी आहे. प्रत्येक जण त्यात वर्षभर लिहितो आणि त्यात "काही नको, दोन दिवस मुले सांभाळा" असेही लिहिलेले असते.

विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या वस्तूंबाबत विशेष सावध राहा. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उघडले की गाणे वाजवणारी शुभेच्छापत्रे मिळतात ना, तसले एक मी एकदा कापून पाहिले. पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये एक छोटा ध्वनिवर्धक, बोटाच्या पेराएवढी सर्किटची पट्टी आणि दोन-तीन बटण-सेल असतात. चार वेळा ऐकायचे गाणे आणि मागे राहतो तो ई-कचरा. शिवाय असा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. स्मार्टफोनसारख्या वस्तूंच्या एकूण उत्सर्जनातला बहुतांश भाग तर त्या तयार होतानाच होऊन गेलेला असतो, म्हणून नव्या फोनपेक्षा चालू फोनला नवी बॅटरी घालून देणे ही अधिक चांगली भेट आहे. तुमच्या भाच्याची मोटार घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या आणि त्याआधी सेल काढून वेगळे ठेवा.

दुरुस्त केलेली वस्तू भेट देता येते, हे मला उशिरा सुचले. गेल्या वर्षी मी आजीचे पायाने चालवायचे शिलाई मशीन पुतणीला दिले. ते पंधरा वर्षे कोपऱ्यात होते आणि चाक हलत नव्हते. आतले जुने तेल वाळून डिंकासारखे घट्ट झाले होते, म्हणून मी प्रत्येक सांध्यात थेंब-थेंब रॉकेल सोडले, रात्रभर ठेवले, सकाळी चाक हळूहळू मागेपुढे केले, तेव्हा काळपट चिकट द्रव बाहेर आला. तो पुसून मशीनचे तेल घातले. चामड्याचा पट्टा सैल पडला होता, तो बोटभर कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडला. दाबपट्टीखालच्या दातऱ्यांत अडकलेला धाग्याचा लगदा सुईने काढला. चार संध्याकाळी गेल्या. पुतणीने पहिली शिवण घातली तेव्हा टाके एकसारखे पडले आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

स्वतःला जमत नसेल तर अशी दुरुस्ती शेजारच्या जाणकाराकडून करून घेता येते. मार्टिने पोस्तमा यांनी २००९ मध्ये आम्स्टरडॅममध्ये पहिले 'रिपेअर कॅफे' भरवले, जिथे लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि स्वयंसेवकांसोबत बसून त्या दुरुस्त करतात. आता अनेक देशांत असे मेळावे होतात.

वेष्टणासाठी एक साधी परीक्षा आहे. कागद मुठीत चुरगळा आणि सोडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा तो रद्दीत चालेल; आपोआप उलगडू लागला तर त्यात प्लास्टिक किंवा धातूचा थर आहे. चिकटपट्टीऐवजी सुतळी वापरा, म्हणजे कागद न फाटता सुटतो. चमकी टाळाच, कारण ती बारीक प्लास्टिक असते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. माझी स्वतःची पसंती चौकोनी कापडाला आहे. जपानमध्ये त्याला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ बाटल्यांच्या धाग्यापासून केलेले असे कापड प्रचारासाठी तयार करून घेतले होते. कापड मात्र नवे विकत आणू नका, नाहीतर पिशव्यांचीच गोष्ट पुन्हा घडेल.

सावली

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटले, कारण मीही एका मोठ्या कुटुंबातली आत्या आहे आणि वर्षानुवर्षे सगळ्यांसाठी भेटी बांधत आले आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाच्या गटावर एक संदेश आला: "यंदा कृपया कोणीही वस्तू आणू नयेत, पर्यावरणाचा विचार करावा." त्यासोबत कचऱ्याच्या ढिगाचे छायाचित्र होते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि मुद्दाही बरोबर होता. परंतु तोवर माझ्या कपाटात अकरा भेटी नावे घालून तयार होत्या. त्या रात्री मी त्यांतली एकेक काढून पाहिली आणि ही कोणाला नकोच होती की काय, असे वाटत राहिले. ज्या माणसाला फारसे बोलता येत नाही, त्याच्यासाठी ते बांधणे हेच बोलणे असते. ते काढून घेताना त्या जागी दुसरे काहीतरी द्यावे लागते.

पुढच्या वर्षी धाकट्या भाचीने वेगळे केले. सुट्टीच्या दोन महिने आधी तिने फोन केला आणि म्हणाली, "आत्या, या वेळी मला वस्तू नको. तू तो जाळीचा टाका घालतेस ना विणताना, तो मला शिकव. मला दोन दुपारी दे." ती पर्यावरणाविषयी एक शब्दही बोलली नाही. आम्ही जुना स्वेटर उसवून त्याच्याच लोकरीवर शिकलो. लोकर उसवल्यावर कुरळी राहते, म्हणून ती खुर्चीच्या पाठीला लडी करून गुंडाळली, ओली केली आणि वजन लावून वाळवली, हेही तिला शिकवता आले. आता मीच बाकीच्यांना विचारते की तुम्हाला माझ्याकडून काय शिकायचे आहे.

सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की वस्तूंपेक्षा अनुभवाच्या भेटींनी देणाऱ्या-घेणाऱ्यांतले नाते अधिक दृढ होते, आणि तो अनुभव दोघांनी एकत्र घेतला नसला तरीही हे घडते. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. तेव्हा आत्यांना फोन करा, तोही आजच, त्यांची खरेदी झालेली नाही तोवर. त्यांच्याकडे अशी कोणती गोष्ट आहे जी फक्त त्याच देऊ शकतात, ती मागा. आणि त्यांनी काही आधीच घेऊन ठेवले असेल, तर या वर्षी ते आनंदाने घ्या.

दूरदेशी

लोहमार्ग यांचा हिशेब ७०० किलोमीटरसाठी योग्य आहे, पण माझ्यासारख्यांचे काय, हा प्रश्न राहतो. माझी आई ७,००० किलोमीटरवर एकटी राहते. तिच्याकडे रेल्वेने जाता येत नाही आणि तिला भेटायचे नाही, असे मी ठरवू शकत नाही. लांबच्या उड्डाणांत माणशी दर किलोमीटरला साधारण १५० ते २०० ग्रॅम धरले, तर माझी एक फेरी दोन ते पावणेतीन टनांची होते. जगातल्या सरासरी माणसाचे वर्षभराचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन पावणेपाच टनांच्या आसपास आहे. हा आकडा मी कागदावर लिहून तिकीट काढायच्या टेबलाजवळ लावला आहे.

त्यावरून मी काही बदल केले. पूर्वी वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस जात असे. आता एकदाच जातो आणि पाच आठवडे राहतो, त्यातले तीन आठवडे तिथूनच कार्यालयाचे काम करतो. सुट्टीची गर्दी टाळून गेल्यामुळे आईशी निवांत बोलणे होते. मध्ये न थांबणारे उड्डाण निवडतो, कारण प्रत्येक जास्तीचे उड्डाण म्हणजे उंची गाठण्याचा तो खर्च पुन्हा करणे. आणि बिझनेस वर्गाची सवलत मिळाली तरी घेत नाही. तिथली एक आसनजागा साध्या वर्गातल्या जवळजवळ तीन प्रवाशांचा वाटा व्यापते.

तिकिटासोबत "थोडे पैसे भरा आणि तुमचा कर्बभार शून्य करा" असा पर्याय येतो, त्यावर विसंबू नका, अशी माझी सर्वांना विनंती आहे. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सहा देशांतल्या २६ वनसंरक्षण प्रकल्पांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर कर्बभरपाईची प्रमाणपत्रे विकली जात होती, त्यांतल्या बहुतेकांनी जंगलतोड लक्षणीयरीत्या कमी केलेलीच नव्हती. जंगलासाठी देणगी जरूर द्यावी, मीही देतो, पण ती दिली म्हणून उड्डाण पुसले गेले असे धरू नये.

पाऊलवाट

सुट्टीत फिरायला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात भर घालतो. २०१९ मध्ये जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा ८.८ टक्के होता, आणि ज्या जागी आपण जातो तिथल्या निसर्गाची होणारी हानी त्यात धरलेली नाही. थायलंडमधला माया बे हा किनारा प्रवाळांची नासधूस झाल्यामुळे जून २०१८ पासून जानेवारी २०२२ पर्यंत बंद ठेवावा लागला. बंद असतानाच्या काळात तिथल्या उथळ पाण्यात शार्क पुन्हा दिसू लागले. ऐन गर्दीच्या आठवड्यात सगळे जातात तिथे न जाता आठवडाभर पुढे-मागे गेलात, तर त्या जागेलाही उसंत मिळते.

तिथून आणायच्या भेटींत प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू, हस्तिदंत आणि मोठे शंख कधीही घेऊ नका. 'साइट्स' या १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांतल्या अनेकांच्या व्यापारावर बंदी किंवा परवान्याची अट आहे. विक्रेत्याने "हे जुने आहे" असे सांगितल्याने ती अट टळत नाही. प्रवाळ असलेल्या समुद्रात उतरणार असाल तर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेले सनस्क्रीन नेऊ नका. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यांची विक्री थांबवली आहे. शक्य असेल तर लांब बाह्यांचा कपडा घाला, त्यामुळे क्रीमही कमी लागते.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके काही हाती लागेल असे वाटले नव्हते.

काल रात्री आम्ही चौघांनी बसून लोहमार्ग यांचा हिशेब पुन्हा केला. धाकट्या बहिणीचे घर वाटेवर नाही, पण ८० किलोमीटरचा फेरा घेतला तर पडते. तिच्याकडून तिघे येणार आहेत. रेल्वेची सात तिकिटे एकाच गाडीची मिळत आहेत, मात्र सुट्टीच्या दोन दिवस आधीची. मोठ्या मुलीने शाळेत विचारायचे कबूल केले आहे. तिकडून परवानगी मिळाली तर रेल्वेच. बहिणीचा थोडा नकार होता, कारण चौदा तास लहान मुलाला कसे सांभाळायचे, परंतु सगळे एकत्र असू म्हटल्यावर ती तयार झाली.

पिशव्यांचा विचार सोडला आहे. घरातल्या दोन जुन्या चादरींचे चौकोन कापून वेष्टणापुरते कापड होईल. कडा दुमडून शिवाव्या लागतील का, की कातरीने नागमोडी कापल्या तरी दोरे निघणार नाहीत, हे जुनी शिलाई यांनी सांगावे.

आत्यांना आज सकाळी फोन केला. सावली यांनी लिहिले होते तसेच, कचऱ्याचा विषय काढला नाही. आजोबांच्या वेळच्या घराचे, तिथल्या माणसांचे जे काही त्यांना आठवते ते मला त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून हवे आहे, ही माझी भेट, असे म्हटले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "कुठून सुरुवात करू? विहिरीपासून की दारापासून?" आणि पाऊण तास बोलत राहिल्या. तो फोन मात्र ध्वनिमुद्रित करायचा राहून गेला. त्यांनी चार भेटी आधीच घेतलेल्या आहेत, त्या आम्ही घेऊ.

जुनी शिलाई

नागमोडी कातरीने कापलेले सुती कापड दोन-तीन धुण्यांपर्यंत टिकते, त्यापुढे दोरे निघू लागतात. वेष्टण पुढच्या वर्षीही वापरायचे असेल तर कडा शिवाच. चादर कापण्यापूर्वी उजेडासमोर धरून पाहा. मधला भाग बहुधा विरलेला असतो, म्हणून चौकोन कडेकडेने घ्या. एक-सव्वा फुटाच्या पुस्तकाएवढ्या वस्तूला साधारण तीस इंचांचा चौकोन पुरतो. समोरासमोरच्या दोन टोकांची गाठ आधी मारा, मग उरलेल्या दोन टोकांची त्यावर. म्हणजे उचलायला मूठही तयार होते.

लोहमार्ग

सात तिकिटे लगोलग काढून घ्या, सुट्टीआधीची जागा फार दिवस राहत नाही. लहान मुलासाठी खिडकीजवळची आणि खालची जागा मागा. दादांच्या गावच्या स्थानकावरून घरी जायला सात जणांसाठी दोन गाड्या येणार असतील, तर त्यांना आताच सांगून एका मोठ्या गाडीची सोय करून ठेवा.